जुन्नरची वाट आणि चाँदबिबी

आळेफाट्याच्या चौकात पुणे-नाशिक आणि कल्याण-नगर हे दोन महामार्ग एकमेकांना छेदतात. पूर्वेकडे निघालेली एसटी बेल्हे, टाकळी ढोकेश्वर, भाळवणी करत नगरला पोचते. पश्चिमेकडची ओतूर, मढ मागे टाकून माळशेज घाट उतरते आणि वाटेत डाव्या हाताला जुन्नरचा रस्ता फुटतो. डांबर आजचं असलं तरी दिशा जुनी आहे. कोकणातली बंदरं, सह्याद्रीचे घाट, जुन्नरची पेठ आणि तिथून पुढे नगरचं मैदान, असा हा शतकानुशतकांचा राबता. 1600 सालच्या जुलै महिन्यात अहमदनगरच्या किल्ल्यात वेढ्यात सापडलेल्या एका राणीने याच दिशेला निघायचा बेत केला होता. ती निघू शकली नाही. तिच्याच लोकांनी तिला तिच्या महालात शिरून मारलं. तिचं नाव चाँदबिबी.

हे नाव माहीत नाही असा मराठी माणूस विरळा. पण त्या शेवटच्या बेताबद्दल, म्हणजे ती जुन्नरला यायला निघणार होती याबद्दल, आपल्याकडे कोणी बोलत नाही. नगरला बोलत नाहीत आणि जुन्नरलाही नाही. मला हे फार खटकतं. कारण चाँदबिबी किती मोठी होती हे तिच्या तलवारीपेक्षा त्या बेतावरून अधिक कळतं.

ती अहमदनगरच्या हुसेन निजामशहाची मुलगी. आई खुंजा हुमायून. हुसेनच्या मृत्यूनंतर अल्पवयीन मुलाच्या नावाने याच बाईने काही वर्षं राज्य चालवलं, म्हणजे बाईने कारभार करणं या घराला नवं नव्हतं. विजयनगरविरुद्ध दख्खनच्या सुलतानांची जूट झाली तेव्हा ती पक्की करण्यासाठी चाँदचं लग्न विजापूरच्या पहिल्या अली आदिलशहाशी लावलं गेलं. विजापुरात शहापूर दरवाजाजवळ 1579 मध्ये अलीने मोठी विहीर बांधली आणि तिला बायकोचं नाव दिलं. ती चाँद बावडी आजही आहे. चाँदबिबी हयात असताना तिच्या नावाने उभी राहिलेली ही वास्तू पाण्याची आहे, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

पुढच्याच वर्षी अलीचा खून झाला. गादीवर नऊ वर्षांचा पुतण्या इब्राहीम बसला आणि त्याच्या वतीने कारभार चाँदबिबीच्या हाती आला. दरबारात दख्खनी, हबशी आणि परदेशी सरदारांची कायमची चढाओढ होती. किश्वर खान नावाच्या सरदाराने तिला डोईजड समजून साताऱ्याच्या किल्ल्यावर कैदेत टाकलं. त्याचा पाडाव झाल्यावर ती सुटून परत आली आणि शेजारच्या सुलतानांनी विजापूरला वेढा घातला तेव्हा तिने शहर राखलं. अजिंक्यताऱ्यावर फिरायला जाणाऱ्या किती जणांना ठाऊक असतं की ही बाई इथे बंदिवान होती? पुढे ती माहेरी, अहमदनगरला परतली.

1595 मध्ये अहमदनगरचा सुलतान लढाईत पडला आणि एका गादीचे अनेक दावेदार उभे राहिले. मृत सुलतानाचा खरा वारस बहादूर हा तान्हा मुलगा होता. वजीर मियाँ मंजूने त्याला बाजूला सारून भलत्याच मुलाला सुलतान केलं आणि बहादूरला कैदेत धाडलं ते जुन्नरजवळच्या चावंड किल्ल्यावर. विरोधक भारी पडतात असं दिसताच याच मियाँ मंजूने अकबराचा मुलगा मुराद याला मदतीला बोलावलं, आणि मोगल खरोखरच येऊन ठेपले तेव्हा तो पस्तावला. या सगळ्या गोंधळात पंचेचाळिशीच्या आसपासच्या चाँदबिबीने भूमिका घेतली की राजा चावंडवरचा बहादूरच, आणि तो येईपर्यंत किल्ला मी लढवीन.

पुढचं बहुतेकांना माहीत असतं. मोगलांनी तटाखाली सुरुंग पेरले. त्यांच्याच छावणीतल्या एका माणसाने आत खबर दिली, काही सुरुंग वेळेवर निकामी केले गेले, पण एक उडालाच. तटाला भलंमोठं खिंडार पडलं, लढवय्ये पळू लागले. तेव्हा चाँदबिबी बुरखा घेऊन, हातात नागवी तलवार घेऊन खिंडारात उभी राहिली. संध्याकाळपर्यंत लढाई चालली आणि रातोरात तट पुन्हा उभारला गेला. हा दगडी तट तिच्या वडिलांनीच बांधून घेतला होता. गोळे संपले तेव्हा तोफांत तांब्याची, मग रुप्याची, मग सोन्याची नाणी भरून डागली, अशी दंतकथा पुढे जोडली गेली. ती जोडली जाणं स्वाभाविक होतं.

नंतर काय झालं ते मात्र कथेतून गळालं. किल्ला अजिंक्य राहिला तरी राज्य थकलं होतं. विजापूरहून मदत निघाली होती, मोगलांनाही वेढा जड जात होता. दोन्ही बाजू दमल्या आहेत हे तिने अचूक हेरलं आणि 1596 च्या सुरुवातीला तह केला. वऱ्हाड मोगलांना द्यायचं आणि त्या बदल्यात बहादूरला निजामशहा म्हणून मान्यता मिळवायची. चावंडचा बंदिवान मुलगा गादीवर आला. वऱ्हाड सोडणं हा लहान घास नव्हता. पण उरलेलं राज्य आणि वंश त्यामुळे वाचला. मला विचाराल तर त्या खिंडारातल्या संध्याकाळइतकंच धैर्य या तहाला लागलं असेल. तलवार उपसणाऱ्याचा जयजयकार होतो, तह करणाऱ्याचं नाव लोक संशयाने घेतात. तिचं पुढचं सगळं दुर्दैव इथूनच सुरू झालं.

चार वर्षांनी मोगल पुन्हा आले. आता मुराद मेला होता, त्याचा भाऊ दानियाल होता. निजामशाहीचे सरदार पांगलेले, आपसात भांडणारे, मदतीला येण्याजोगं कोणी नाही. इतिहासकार फरिश्ता हा आधी अहमदनगरच्या आणि नंतर विजापूरच्या दरबारातला. त्याने लिहिलंय की चाँदबिबीने जिताखान नावाच्या खोजा अधिकाऱ्यापाशी आपलं मन मोकळं केलं. किल्ला टिकणार नाही. आतल्या माणसांच्या जिवाची आणि मालमत्तेची हमी घेऊन तो द्यावा आणि बालराजाला घेऊन जुन्नरला जावं, पुढचं पुढे बघू. जिताखान बाहेर धावला आणि राणी मोगलांना फितूर झाली अशी आरोळी त्याने शहरभर ठोकली. बिथरलेला जमाव महालात घुसला आणि तिचा खून झाला. त्यानंतर थोड्याच दिवसांत, ऑगस्टमध्ये, मोगलांनी सुरुंग लावून किल्ला घेतला. आतल्या माणसांना कुठलीही हमी उरली नव्हती. ती देऊ शकणारी एकमेव व्यक्ती त्यांनीच मारून टाकली होती. बहादूरला ग्वाल्हेरच्या किल्ल्यात कैदेत पाठवलं गेलं.

तिने जुन्नरच का निवडलं असेल? निजामशाहीचा मूळपुरुष मलिक अहमद याने 1490 मध्ये बहमनी सत्तेपासून स्वतंत्र होऊन राज्य उभारलं ते जुन्नरहून. अहमदनगर शहर त्यानंतर चार वर्षांनी वसलं. तेव्हा जुन्नरला जाणं म्हणजे माहेरच्या मुळाशी जाणं. पण भावनेपेक्षा भूगोल मोठा होता. नगरचा किल्ला सपाट मैदानावरचा आहे. त्याला वेढा घालणं सोपं, सुरुंग लावणं सोपं. जुन्नरभोवती शिवनेरी, चावंड, हडसर, जीवधन असे एकापेक्षा एक बेलाग गड, मागे नाणेघाट आणि माळशेज, खाली कोकण. मोठी मोगल फौज, तिचे हत्ती, तोफा, तळ हे सगळं या डोंगरांत निरुपयोगी ठरतं. किल्ला जातो, राजा आणि डोंगर हातात राहतात, मग लढाई पुन्हा उभी करता येते. पुढच्या शतकात साऱ्या हिंदुस्थानला परिचित होणारी दख्खनची युद्धरीत ती हीच.

आणि ती मांडणी बरोबर होती हे फार लवकर सिद्ध झालं. मलिक अंबरने निजामशाही घराण्यातल्या दुसऱ्या मुर्तझाला गादीवर बसवलं आणि 1607 च्या सुमारास राजधानी आणली ती जुन्नरला. तिथून त्याने डोंगरी युद्धाने मोगलांना वर्षानुवर्षं झुंजवलं. 1633 मध्ये शहाजीराजांनी संगमनेर तालुक्यातल्या पेमगिरीवर निजामशाही वंशातल्या एका मुलाला गादीवर बसवून त्याच्या नावाने कारभार केला. तेही तेच गणित, अल्पवयीन राजा, भरवशाचा कारभारी आणि पाठीशी सह्याद्री. आळेफाट्यावर उभं राहिलं तर या सगळ्या जागा आपल्याभोवती काही तासांच्या अंतरावर आहेत. यातला पहिला आराखडा चाँदबिबीने मांडला होता आणि त्यापायी ती मेली.

इथे मला एक भेद बोचतो. मलिक अंबरनेही मोगलांशी तह केले. 1617 मध्ये तर त्याने अहमदनगरचा किल्लाच त्यांना परत दिला. कोणी त्याला फितूर म्हटलं नाही. इतिहासाने त्याला मुत्सद्दी म्हटलं आणि ते योग्यच आहे. तीच गोष्ट एका स्त्रीने सुचवली तेव्हा तिच्या हेतूवर शंका घ्यायला एक आरोळी पुरली. तिने चार वर्षांपूर्वी याच तटावर काय केलं होतं ते त्या गर्दीतल्या कित्येकांनी डोळ्यांनी पाहिलं असेल.

तिच्या नावाची पुढची वाटचाल पाहिली की हा भेद अजून चालू आहे असं वाटतं. सन 1700 च्या आसपास, म्हणजे तिच्या मृत्यूनंतर शंभर वर्षांनी, दख्खनी चित्रकारांनी घोड्यावर बसून ससाणा घेऊन शिकारीला निघालेली चाँदबिबी रंगवली. त्यातलं एक चित्र न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. 1878 मध्ये मेडोज टेलरने तिच्यावर इंग्रजी कादंबरी लिहिली. नेहरू 1942 पासून नगरच्या किल्ल्यात बंदिवान होते. तिथे लिहिलेल्या ग्रंथाच्या सुरुवातीलाच त्यांना ती आठवते, तलवार हाती घेतलेली, आपल्याच माणसाकडून मारली गेलेली. चित्रात ससाणा, पुस्तकात तलवार. जुन्नरचा बेत कुठेच नाही. राणीला मोठी ठरवताना आपण पुरुषी पराक्रमाचा गज लावतो आणि त्यात बसेल तेवढंच जपतो.

नगर-पाथर्डी रस्त्यावर डोंगरमाथ्यावर एक अष्टकोनी, तीन मजली देखणी दगडी वास्तू आहे. सगळा जिल्हा तिला चाँदबिबीचा महाल म्हणतो. ती खरं तर सलाबतखानाची कबर आहे, पहिल्या मुर्तझा निजामशहाच्या वजिराची. माहितगार मंडळी हे चुकीचं नाव ऐकून वैतागतात. मला त्या चुकीबद्दल आदर आहे. शहराला आपली राणी कुठेतरी ठेवायची होती, लांबून दिसेल अशा उंच जागी. लोकांनी तिथली सर्वांत उंच इमारत तिला देऊन टाकली. आळे गावात ज्ञानेश्वरांच्या रेड्याची समाधी आहे, तिथे भाविक मनापासून माथा टेकतात. ज्याच्याशी नातं वाटतं त्याला लोक जागा देतातच.

याच्या अगदी उलट नशीब जुन्नरच्या दुसऱ्या राणीचं. ती मध्ययुगातली नाही, त्याच्याही दीड हजार वर्षं आधीची. सातवाहनांची नागनिका. नाणेघाटाच्या माथ्यावरच्या लेण्यात तिचा भलामोठा ब्राह्मी लेख आहे. अश्वमेधासारखे यज्ञ, गाई, हत्ती, घोडे, कार्षापणं यांच्या दक्षिणा, आकड्यांसकट. राजघराण्याच्या प्रतिमा तिथे होत्या, आज त्यांच्या माथ्यावरची नावं आणि पायांच्या खुणा उरल्यात. एवढा पुरावा दगडात असूनही लोकांच्या ओठी तिची एक गोष्ट नव्हती. एकोणिसाव्या शतकात कर्नल साइक्सने लेखाची नोंद केली, भगवानलाल इंद्रजी आणि ब्यूलर यांनी तो वाचला, तेव्हा कुठे ती परत आली. एकीचा हिशेब शिल्लक राहिला आणि गोष्ट हरवली, दुसरीची गोष्ट राहिली आणि हिशेब हरवला. अहिल्यादेवी होळकरांच्या बाबतीत दोन्ही टिकलं, पत्रव्यवहारही आणि घाट, विहिरी, मंदिरांच्या आख्यायिकाही. म्हणून त्यांचा कारभार आपण पराक्रमाइतकाच मोठा मानतो.

2024 मध्ये अहमदनगरचं अहिल्यानगर झालं. अहिल्यादेवी याच जिल्ह्यातल्या चौंडीच्या. आळेफाट्यावर आजही ‘नगर, नगर’ असा पुकारा होतो, त्यात दोन्ही नावं सुखाने मावतात. नामांतराच्या चर्चेत काही जण एका राणीला दुसरीच्या विरोधात उभं करताना दिसतात. मला ते दुखतं. दोघीही तरुणपणी विधवा झाल्या, दोघींनी दुसऱ्याच्या नावाने कारभार सांभाळला, दोघींना बाई म्हणून हिणवणाऱ्या सरदारांशी झगडावं लागलं. अहिल्यादेवींना राज्य करायला अवधी मिळाला, चाँदबिबीला मिळाला नाही. तिच्या वाट्याला आलेल्या कारभाराचे तुकडे विजापूर, सातारा, नगर आणि चावंड एवढ्या ठिकाणी विखुरले आहेत.

त्यातलं चावंड तर आपल्याच तालुक्यात आहे. जुन्नरहून आपटाळ्याकडे, नाणेघाटाच्या रस्त्यावर. 1818 मध्ये इंग्रजांनी पायऱ्या फोडल्यामुळे वाट अवघड झाली होती, आता कठडे लावले आहेत आणि सुट्टीच्या दिवशी गडावर तरुणांची रीघ असते. वरची सप्तमातृकांची सात टाकी पाहिली जातात, चामुंडा देवीच्या देवळात नारळ फुटतो, शिवरायांनी गडाला प्रसन्नगड नाव दिल्याचंही सांगितलं जातं. बहादूरचं नाव फार थोडे घेतात. जुन्नरच्या शाळांच्या सहली शिवनेरीबरोबर चावंडलाही याव्यात आणि मुलांना टाक्यांपाशी बसवून 1595 सालचा तो तान्हा कैदी, त्याला सोडवणारी आत्या-आजी आणि त्याला घेऊन याच डोंगरांत परत येण्याचा तिचा बेत, हे सगळं नकाशासकट सांगितलं जावं. मलिक अंबरची राजधानी शिकवताना त्याच्या आधीच्या पानावर तिचं नाव असावं. तालुक्याच्या इतिहासावर लिहिणाऱ्यांनी, गडांवर फलक लावणाऱ्या संस्थांनी आणि शिक्षकांनी हे काम या हिवाळ्यातच हाती घ्यावं अशी माझी विनंती आहे.