वाळूखालील पाणी
(उत्पत्ति, अध्याय २१)

ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेस नलार्बर नांवाचें ओसाड मैदान आहे. ह्या लॅटिन नांवाचा अर्थच 'एकही झाड नाहीं' असा होतो. तेथें नदी नाहीं. पडलेला पाऊस चुनखडीच्या खडकांत जिरून जातो. आज तेथून पक्की सडक जाते, आणि तिचा सुमारे १४६ किलोमीटरांचा एक भाग वळणावांचून सरळ आहे. मुलांबाळांसह मोटारीनें निघणारा शहाणा गृहस्थ आधीं पाणी भरून घेतो.

इ. स. १८४१ सालीं एडवर्ड आयर नांवाच्या इंग्रजानें तें मैदान ओलांडिलें, तेव्हां सडक नव्हती. वाळूच्या टेकड्यांत खणल्यास पाणी कोठें लागतें, हें त्याला तेथील मूळ रहिवाशांनीं दाखविलें. ज्यांना इंग्रज लोक रानटी म्हणत, त्यांच्याच हातून देवानें त्याची तहान भागविली, असें आम्ही समजतों.

हागारेच्या मसकेंतलें पाणी संपलें, तेव्हां देवानें तिचे डोळे उघडले आणि तिला विहीर दिसली. प्रिय बंधुभगिनींनो, आपल्यांतील पुष्कळांच्या वाडवडिलांस गांवच्या विहिरीवर पाऊल ठेवूं दिलें नाहीं. तहान म्हणजे काय हें आपण जाणतों. आतां जीवनाच्या पाण्याची वाट आपणांस ठाऊक आहे. ज्यानें आपणांस हाकलिलें त्याचाच मुलगा दारीं आला, तरी ती त्याला दाखविण्यास आपण कचरूं नये.