क्षेत्राचं एस्टिमेट



आजचं वाचन गीतेच्या तेराव्या अध्यायातलं, श्लोक पाचवा आणि सहावा. तुमच्या प्रतीत सहावा-सातवा असेल तर गोंधळू नका. काही प्रती अर्जुनाचा सुरुवातीचा प्रश्न मोजतात, काही मोजत नाहीत. आमच्या धंद्यात याला 'ऑफ बाय वन' म्हणतात आणि त्याचंच दुसरं नाव 'फेन्सपोस्ट एरर'. म्हणजे कुंपणाच्या खांबाची चूक. गंमत म्हणजे परवा मी खरोखर तीच केली.

गावच्या घराभोवती तारेचं कंपाउंड घालायचंय. मोकाट जनावरं आत येऊन बाबांची भाजी खातात. जागा चार गुंठे, जवळजवळ चौरस, ६६ बाय ६६ फूट. दर सहा फुटांवर सिमेंटचा पोल धरला, म्हणजे एका बाजूला ११ गाळे. मी एक्सेलमध्ये एका बाजूचे १२ पोल लिहिले, चारने गुणलं, ४८. मग लक्षात आलं की चारही कोपरे दोनदा मोजले गेले. सरळ रेषेत गाळ्यांपेक्षा खांब एक जास्त लागतो, पण फिरून बंद होणाऱ्या कुंपणात दोन्ही सारखेच. म्हणजे ४४. रस्त्याकडे १२ फुटी गेट, तिथला मधला एक पोल गेला, उरले ४३. तार २५२ फूट, पाच ओळींची १२६०, वर पीळ आणि गाठींसाठी दहा टक्के. खड्डा एक बाय एक बाय दीड फूट धरून एकास तीन सहा मालाला सिमेंटच्या साधारण आठ गोण्या. झालं एस्टिमेट!

पण झालं नव्हतं. पूर्वेला चुलत काकांची जागा आहे. बांध एक हात सरकला म्हणून बाबा आणि काका तीन वर्षं बोलत नाहीत. त्या बाजूला मी पोल तीन-तीन फुटांवर घेतले आणि तारेच्या ओळी पाचाच्या दहा केल्या. शीट कंपाउंडवाल्या दादांना पाठवली. त्यांनी फोनवर एवढंच विचारलं, "साहेब, पूर्वेकडनं जनावरं जास्त येतात का?"

मी म्हटलं, "नाही."

"मग?"

काय सांगणार? "बघतो" म्हणून फोन ठेवला.

त्या रात्री हे दोन श्लोक समोर होते. भगवंतांनी आधी शरीराला क्षेत्र म्हटलंय, शेत. आणि इथे त्या शेतात काय काय आहे याची सरळ यादीच दिलीय. पाच महाभूतं, अहंकार, बुद्धी, अव्यक्त, दहा इंद्रियं, मन, पाच विषय. चोवीस झाले. इंजिनियर माणसाला बरं वाटतं अशी यादी वाचायला. पुढे इच्छा, द्वेष, सुख, दुःख, हा सगळा संघात, चेतना आणि धृती. हे सात धरून एकतीस.

मी 'द्वेष'वर अडकलो. इतकी वर्षं मला वाटायचं की द्वेष बांधाच्या पलीकडे आहे, काकांच्या अंगणात, आणि मी फक्त माझ्या बाजूनं आडोसा करतोय. यादी म्हणते की तो माल आतलाच आहे, पृथ्वी-पाण्याच्याच रांगेतला. कुंपण कितीही दाट केलं तरी तो आतच राहणार. उलट जास्त बंदोबस्तात राहणार!

मग एक उद्योग केला. पूर्वेची बाजू इतर बाजूंसारखी करून फरक काढला. ११ पोल, ३३० फूट तार, दोन गोण्या सिमेंट. माझ्या द्वेषाचा हिशेब इतका नेमका मला कोणी दिला नव्हता. सांगायला लाज वाटते, पण तो आकडा बघून पहिल्यांदा मनात आलं ते पैशाचंच.

ज्ञानेश्वरीत याच ठिकाणी माऊलींनी शेताच्या मालकीचा वाद रंगवलाय. कोणी म्हणतो शेत जीवाचं, प्राण त्याचं कूळ, इंद्रियं बैल. दुसरा उठतो, म्हणतो छे, हे प्रकृतीचं. अगदी भावकीतलं भांडण! पूर्वी हे वाचताना हसायचो. सातबाऱ्यावर नाव कोणाचं यासाठी आम्ही इतकं भांडतो, आणि शेत जाणणारा तो क्षेत्रज्ञ, त्याचा मात्र भांडणात कुठे पत्ता नसतो.

एक हाताचा प्रश्न आहेच हां. तो खोटा नाही. रीतसर सरकारी मोजणी मागवू, खुणा पडतील तिथे पोल रोवू. काकांची बाजू निघाली तर तो एक हात सोडायचा, हे बाबांना अजून पटवायचंय. कुंपणही होणार, कारण भाजी खाणारी जनावरं अध्यात्म वाचत नाहीत. फक्त पूर्वेलाही सहा फुटांवरच पोल आणि पाचच ओळी.

काल धीर करून काकांना फोन लावला. म्हटलं, "काका, मोजणी आली की दोरीचं दुसरं टोक तुम्ही धराल का?"

पलीकडे बराच वेळ शांतता. मग म्हणाले, "बाबांना विचारलंस का?"

"अजून नाही."

"आधी विचार. मग तारीख कळव."

आज संध्याकाळी बाबांशी बोलणार आहे. उद्याच्या श्लोकात अमानित्व आहे, वाचून ठेवा.

राम कृष्ण हरी.