शेत विकत घेणाऱ्याच्या घरची माणसं

आजचं वाचन: मत्तय १३:४४–४६ आणि मार्क १०:१३–२२



आजच्या मननाची सुरुवात एका प्रश्नाने करते. प्रश्न माझा नाही, माझ्या संडेस्कूलच्या वर्गातल्या नऊ वर्षांच्या मुलीचा आहे. तिने तो विचारला तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं.

त्या रविवारचा विषय होता शेतात लपवलेली ठेव आणि मोलवान मोती. मी तयारी करून गेले होते. पुठ्ठ्याच्या खोक्याला सोनेरी कागद लावला होता. प्रत्येक मुलाला एक चिठ्ठी दिली आणि सांगितलं, तुमची सगळ्यात आवडती वस्तू लिहा. मग विचारलं, "आता ही वस्तू देवासाठी कोण कोण देईल?" सगळे हात वर! टीचरला कोणतं उत्तर हवंय ते मुलांना बरोबर कळतं. चिठ्ठ्या खोक्यात पडल्या आणि मी मनातल्या मनात खूश झाले.

तेवढ्यात ती म्हणाली, "टीचर, त्या माणसाने सगळं विकलं ना, मग घरच्यांना विचारलं होतं का?"

मुलं हसली. मीही हसले आणि म्हणाले, "ते बायबलमध्ये लिहिलेलं नाही." मग पुढची ओळ शिकवायला घेतली.

पण ती हसत नव्हती. तिच्या बाबांनी दोन वर्षांपूर्वी अंबडच्या कंपनीतली नोकरी सोडून पूर्ण वेळ सेवा स्वीकारली. मंडळीत त्यांची साक्ष झाली, आम्ही सगळ्यांनी देवाची स्तुती केली. फ्लॅट सोडून ते आजीच्या दोन खोल्यांत राहायला गेले, तेव्हा तिची सायकल विकली गेली. वर्ग संपल्यावर मी चिठ्ठ्या उघडल्या. तिच्या चिठ्ठीवर एकच शब्द होता: "सायकल". म्हणजे जी वस्तू आधीच गेली होती, तीच मी तिच्याकडे पुन्हा मागितली होती.

घरी आल्यावर मला लक्ष्मीबाई टिळक आठवल्या.

आपण नाशिककर त्यांना आपल्याच मानतो. त्यांचा जन्म १८६८ चा, आपल्या नाशिकजवळच्या जलालपूरचा. 'स्मृतिचित्रे' वाचलं नसेल तर जरूर वाचा. त्यात देवाला सगळ्यांच्या वर ठेवणारी दोन माणसं भेटतात. पहिले त्यांचे वडील. त्यांच्या सोवळ्याचा धाक इतका की घरात येणारी वस्तू धुतल्याशिवाय चालायची नाही, आणि त्या सोवळ्याखाली घरातली बायका-मुलं दबून गेलेली. दुसरे त्यांचे पती, कवी नारायण वामन टिळक. ते मोत्याच्या दृष्टांतातल्या व्यापाऱ्यासारखे, कायम शोधत असलेले. रेल्वेच्या प्रवासात एका सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला आणि शोध तिथे येऊन थांबला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

टिळकांना मोती मिळाला, पण किंमत कोणी कोणी मोजली? टिळकांनी तर मोजलीच. नातेवाईक तुटले, समाज तुटला. पण लक्ष्मीबाईंनीही मोजली, आणि त्यांनी तर मोती अजून पाहिलाही नव्हता! नवरा हयात असून संसार मोडला. लहान मुलाला घेऊन त्या नवऱ्यापासून वेगळ्या राहिल्या.

मित्रांनो, आपल्या शरणपूरची गोष्ट तरी कुठे वेगळी आहे? १८५० च्या दशकात मिशनने ही वस्ती वसवली. ख्रिस्ताकडे आल्यामुळे ज्यांचं घर-गाव सुटलं, त्यांना इथे आसरा मिळाला. आपण पणजोबांच्या विश्वासाची गोष्ट अभिमानाने सांगतो. त्यांचा हात धरून मागून चालत आलेल्या, कोणी न विचारलेल्या लहान मुलांची गोष्ट सहसा सांगत नाही.

मग दृष्टांत चुकीचा आहे का? देव सगळ्यांच्या वर नाही का? मी दोन-तीन दिवस हाच विचार करत होते. प्रभू येशू स्पष्ट म्हणतो की आईबाप किंवा मुलंबाळं माझ्यापेक्षा प्रिय असतील तर तो माझ्या योग्य नाही. हे वचन मला माझ्या सोयीप्रमाणे मऊ करायचं नाही.

पण तोच प्रभू मार्क ७ मध्ये कोणावर रागावतो तेही बघा. काही लोक म्हाताऱ्या आईवडिलांना सांगायचे, तुम्हाला द्यायचं होतं ते मी देवाला अर्पण करून टाकलं. देवाचं नाव पुढे करून माणसाचा हक्क बुडवला, तर ते प्रभूला अजिबात चालत नाही. म्हणजे मला माझं सगळं विकायचा अधिकार आहे. दुसऱ्याचं विकून माझी भक्ती सिद्ध करायचा अधिकार नाही.

मग मी मार्क १० काढला. तिथे दोन प्रसंग एकापाठोपाठ येतात. आधी लोक बालकांना आणतात, मग तो श्रीमंत माणूस धावत येतो. श्रीमंताला प्रभू सांगतो, जे आहे ते विकून गरिबांना दे. आणि बालकांकडे? त्यांच्याकडे काहीच मागत नाही. त्यांना कवेत घेतो, त्यांच्यावर हात ठेवतो, आशीर्वाद देतो. बस्स. मी इतकी वर्षं हे दोन्ही उतारे शिकवतेय, पण ते शेजारी-शेजारी आहेत हे कधी मनाला लागलं नव्हतं. त्या रविवारी मी श्रीमंत माणसाचा प्रश्न बालकांना विचारला होता, आणि बालकांना द्यायचं ते द्यायचं राहून गेलं होतं.

अजून एक गोष्ट. तो श्रीमंत माणूस खिन्न होऊन निघून जातो तेव्हा प्रभू त्याच्या मागे धावत नाही, धमकी देत नाही. त्याच्यावर प्रीती करतो आणि त्याला जाऊ देतो.

ठेवीच्या दृष्टांतातही क्रम हाच आहे. आधी ठेव सापडते, मग आनंद होतो, आणि त्या आनंदात माणूस विकायला निघतो. आपण मुलांना शिकवताना क्रम उलटा करतो: आधी सोड, मग देव खूश होईल. अशाने मुलांच्या मनात कोणता देव तयार होतो? आवडती वस्तू काढून घेणारा. मग हीच मुलं वीस-बावीस वर्षांची झाली की पुण्या-मुंबईला जातात आणि चर्चकडे फिरकत नाहीत. आपण म्हणतो, जगाची हवा लागली. कधीकधी कारण त्या सोनेरी खोक्यातही असतं.

लक्ष्मीबाईंचं पुढे काय झालं? काही वर्षांनी त्या टिळकांकडे अहमदनगरला आल्या, तरी आपलं सोवळं आणि स्वयंपाक त्यांनी वेगळा ठेवला. टिळकांनी जबरदस्ती केली नाही. जातपात देवाने केली की माणसाने, या प्रश्नाशी त्या स्वतःच्या बुद्धीने झगडल्या. १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. १९१९ मध्ये टिळक गेले. त्यांचं अपुरं राहिलेलं 'ख्रिस्तायन' लक्ष्मीबाईंनी पूर्ण केलं. नवऱ्याच्या मोत्याची नुसती राखण करणारी बाई हे करू शकली असती असं मला वाटत नाही. ठेव त्यांना स्वतःला सापडली होती.

पुढच्या रविवारी मी खोकं नेलं नाही. त्या मुलीला सगळ्यांसमोर म्हणाले, "तुझा प्रश्न बरोबर होता. मी टाळला. सॉरी." मग मुलांना विचारलं, एखादी गोष्ट मिळवायला तुम्ही दुसरी गोष्ट विसरून कधी पळालात का? येवल्याला आजोळ असलेला एक मुलगा लगेच म्हणाला, "संक्रांतीला! पतंग कटला की मी चप्पल टाकून पळतो." मी विचारलं, "चपलेचं वाईट वाटतं?" "छे! लक्षातच नसतं."

मला माझा दृष्टांत मिळाला होता. तेवढ्यात ती म्हणाली, "पण दादा माझी चप्पल टाकून पळाला तर?"

सगळा वर्ग हसला. या वेळी तीही हसली. मी म्हणाले, "मग दादाने परत येऊन तुझी चप्पल शोधायची. आणि तुलाही पतंग दाखवायचा."

त्या संध्याकाळी तिच्या बाबांचा फोन आला. तिने घरी सगळं सांगितलं होतं. थोडा वेळ ते गप्प होते. मग म्हणाले, "आम्ही तिला सांगितलं होतं. विचारलं मात्र नव्हतं." पुढे त्यांच्या घरात काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही. ते सेवा सोडणार नाहीत आणि सोडावी असं मलाही वाटत नाही. पण जे सांगितलं आणि जे विचारलं नाही, त्यातलं अंतर त्यांना दिसलं, एवढं पुरे.

आज स्वतःला एक प्रश्न विचारूया: देवासाठी मी जे सोडलं असं म्हणतो, त्यातलं माझं किती होतं, आणि घरच्यांचं किती?

प्रार्थना: प्रभू येशू, तू सगळ्यांहून मोलवान आहेस. आमच्या विश्वासाची किंमत ज्यांनी न विचारता मोजली, त्यांची आम्हाला आठवण दे. मुलांकडे मागण्याआधी त्यांना तुझ्या कवेत आणायला आम्हाला शिकव. आमेन.