सेन्सरपुढची हजेरी

आमच्या क्षेत्रात 'कस्टमर' आणि 'युजर' ही दोन वेगळी माणसं असतात. कस्टमर पैसे देतो, युजर वापरतो. ऑफिसातली हजेरीची, रजेची सॉफ्टवेअर इतकी वैतागवाणी का असतात, याचं निम्मं उत्तर इथे आहे: ती विकत घेणाऱ्याला रोज वापरावी लागत नाहीत. म्हाताऱ्या माणसांना त्यांच्याच घरात राहता यावं म्हणून घर बदलून देण्याचा जो व्यवसाय सध्या आपल्या शहरांमध्ये वाढतोय, त्याकडे मी याच नजरेने बघते. पैसे देतो मुलगा, पुष्कळदा परदेशातून. त्या घरात राहते आई.

गरज खरी आहे, यात वाद नाही. 2011च्या जनगणनेतच देशात साठीपुढची माणसं 10 कोटींच्या वर होती. आपले फ्लॅट मात्र कुणी कधी म्हातारं होणारच नाही अशा समजुतीने बांधलेले. बाथरूमचं दार इतकं अरुंद की व्हीलचेअर आत जात नाही. पाणी अडवायला दारात उंबरा, आणि तो नेमका रात्री अर्धवट झोपेत पायात येतो. उतार करायचा तर प्रमाण 1:12 धरतात. म्हणजे 15 सेंटिमीटरच्या पायरीला 180 सेंटिमीटरचा रॅम्प. आपल्या पॅसेजमध्ये एवढी जागा असते कुठे? आणि तो टॉवेल रॉड! तोल गेला की हात आधी त्यालाच धरतो, आणि तो बनवलेला असतो ओल्या टॉवेलच्या वजनासाठी. त्याच्या जागी अंगाचा भार पेलणारा, भिंतीत पक्का बसवलेला स्टीलचा दांडा लावणं हे माझ्या मते या व्यवसायातलं सगळ्यात नेक काम आहे.

जपानमध्ये 2000 साली वृद्धांच्या देखभालीसाठी सरकारी विमा सुरू झाला. त्यातून कठडे बसवायला, पायऱ्या सपाट करायला, उकिडवं बसायच्या संडासाच्या जागी कमोड घालायला 2 लाख येनपर्यंतच्या खर्चाला मदत मिळते. पण काम सुरू होण्याआधी, या माणसाला हा बदल का हवा, हे केअर मॅनेजरसारख्या जाणकाराने लिहून द्यावं लागतं. मला पैशांपेक्षा हा कागद महत्त्वाचा वाटतो. तो लिहायचा तर आधी त्या माणसाचा दिवस कसा जातो ते विचारावं लागतं.

आमच्याकडे आलं ते पॅकेज. काकाने न्यू जर्सीत बसून निवडलं. त्यात दांड्यांबरोबर मोशन सेन्सरही होते. ठरावीक वेळ घरात हालचाल दिसली नाही, की ॲप काकाला आणि मला कळवणार. आजी 84 वर्षांची, एकटी राहते, दुपारी चांगली ताणून देते. पहिला आठवडा रोज चारच्या सुमारास अलर्ट यायचा आणि पाठोपाठ काकाचा व्हिडिओ कॉल. तिकडे सकाळचे साडेसहा. मग अलर्ट बंद झाले. एका शनिवारी दुपारी मी तिच्याकडे होते, तेव्हा कारण कळलं. तीनला गजर झाला. आजी उठली, हॉलमध्ये आली, सेन्सरपुढे हात हलवला आणि पुन्हा जाऊन पडली.

"अगं आजी, हे काय?"

"हजेरी लावते. नाहीतर तो तिकडे घाबरतो."

पडण्याचा धोका कमी करायला बसवलेल्या यंत्रासाठी ती झोपेतून उठून, भिंत चाचपत चालत होती. ॲपमधली वेळ वाढवायला मला दोन मिनिटं लागली. पण भीती काकाची होती आणि तिची किंमत आजी तिच्या झोपेतून चुकवत होती, हे काही सेटिंगमधून बदलत नाही.

रॉबर्ट पर्स्के या अमेरिकन लेखकाने 1972 साली 'डिग्निटी ऑफ रिस्क' हा शब्द वापरला. तो बौद्धिक अपंगत्व असलेल्या माणसांबद्दल लिहीत होता: त्यांना सगळ्या धोक्यांपासून जपताना आपण त्यांचं माणूसपण काढून घेतो. पुढे तो शब्द वृद्धांच्या बाबतीतही वापरला जाऊ लागला. मला तो पटतो, पण आईसमोर उच्चारायला जड जातं. कारण आजी पडली, खुब्याचं हाड मोडलं, तर रजा आईची जाणार, उशापायथ्याशी बसणार तीच. धोका एकट्या आजीचा नाहीच. आणि काकाची भीतीही खोटी नाही. बारा हजार किलोमीटरवरून त्याला दुसरं करता तरी काय येतं? उद्या आजीला विस्मरण होऊन गॅस चालू राहू लागला, तर मी स्वतःच सेन्सर लावा म्हणेन. शेजाऱ्यांचं घर त्याच भिंतीपलीकडे आहे.

पण आज तिचं डोकं माझ्याहून साफ आहे. ज्यांना निस्तरावं लागेल त्यांनी बोलावं, भांडावंही. तिच्या दिवसाबद्दलचा शेवटचा शब्द मात्र तिचा असावा, असं माझं मत आहे. म्हणून गेल्या महिन्यात आम्ही काकाला व्हिडिओवर घेऊन तिच्यासमोर बसलो. दांडे तिला आवडलेत. कमोड ठीक. सेन्सर फक्त पॅसेजमध्ये, फक्त रात्री. रोज सकाळी काकाला फोन ती स्वतः करणार.

अडलंय ते स्टुलावर. देवघर उंच आहे आणि दिवा लावायला ती स्टुलावर चढते. देवघर खाली आणा म्हटलं तर, "देव काय गुडघ्याशी ठेवायचे?" सुतार म्हणतो, छातीच्या उंचीवर बसवतो, वर चढायला नको. त्यावर ती म्हणाली, आधी नुसती फळी लावून दाखव, मग बघू.