कुठले चव्हाण?

चव्हाण हे महाराष्ट्रात सर्वदूर पसरलेले आडनाव आहे. मराठा, राजपूत, बंजारा, पारधी अशा एकमेकांशी रोटीबेटीचा संबंध नसलेल्या समाजांत ते सापडते आणि अनुसूचित जातींतील काही घराण्यांतही आढळते. म्हणूनच मराठवाड्यात नुसते ‘चव्हाण’ सांगून ओळख पुरी होत नाही. ऐकणारा लगेच ‘कुठले चव्हाण?’ असे विचारतो. उत्तरात गाव येते, तांड्याचे नाव येते, वडिलांचे नाव येते आणि सोयरिकीचा विषय असेल तर मामाचे कूळही येते. या आडनावाच्या नामवंत व्यक्तींची यादी करायची झाली, तर आधी हा प्रश्न समजून घ्यावा लागतो. तो वगळून केलेली यादी एका मोठ्या घराण्याचा आभास निर्माण करते. तसे घराणे कधीच नव्हते.

हा प्रश्न किती खरा आहे हे नांदेड जिल्ह्याच्या उत्तर भागात, हिमायतनगर तालुक्यात, चांगले दिसते. हिमायतनगरचे जुने नाव वाढोणा. श्री परमेश्वर मंदिरासाठी हे गाव ओळखले जाते, आणि मुदखेड–आदिलाबाद रेल्वेमार्ग येथून जातो. उत्तरेला पैनगंगा आणि नदीपलीकडे यवतमाळ जिल्ह्यातील उमरखेड. पूर्वेला किनवट, त्यापुढे तेलंगण. या भागात मराठा शेतकऱ्यांची गावे आणि बंजारा समाजाचे तांडे शेजारी शेजारी आहेत. शाळेच्या एकाच हजेरीपटावर दोन मुलांपुढे चव्हाण असे लिहिलेले असते. दोघांची घरची भाषा वेगळी, दैवते वेगळी, लग्नाचे विधी वेगळे, शासकीय प्रवर्गही वेगळा. एक घरी मराठी बोलतो, दुसरा गोरमाटी. त्यांच्यात समान असते ते आडनाव, आणि ते दोघांकडे वेगवेगळ्या वाटांनी आलेले असते.

त्या वाटांपैकी सर्वांत जुनी राजस्थानाकडे दाखवली जाते. शाकंभरी आणि अजमेर येथे राज्य करणारे चाहमान हे मध्ययुगाच्या आरंभीचे मोठे राजकुल. पृथ्वीराज तिसरा याच कुळातला. ११९१ मध्ये तराईच्या मैदानात त्याने महंमद घोरीचा पराभव केला आणि पुढच्याच वर्षी त्याच मैदानात तो हरला. उत्तरेतील चौहान आणि महाराष्ट्रातील चव्हाण ही दोन्ही नावे या कुळाशी जोडली जातात. शहाण्णव कुळी मराठ्यांच्या याद्यांत चव्हाण हे एक प्रमुख कूळ आहे, आणि राजपूत मुळाची परंपरा त्या घराण्यांत आदराने सांगितली जाते. परंपरा म्हणून तिचे महत्त्व आहे. मात्र अजमेरच्या राजवंशापासून कृष्णाकाठच्या किंवा गोदाकाठच्या एखाद्या घरापर्यंत पिढ्यांची सलग साखळी दाखवता येत नाही. लढवय्यांच्या टोळ्या, वतने, आश्रित कुटुंबे आणि नावाच्या प्रतिष्ठेचे आकर्षण या सगळ्यांतून कुळनावे पसरत गेली. एका रक्ताचा विस्तार हे त्याचे अपुरे स्पष्टीकरण आहे.

मराठेशाहीत या नावाला स्वतंत्र तेज मिळाले ते विठोजी चव्हाण यांच्यामुळे. १६८९ मध्ये संभाजी महाराजांच्या हत्येनंतर मराठ्यांचे राज्य संपल्यासारखे वाटत असताना, संताजी घोरपडे यांच्याबरोबर औरंगजेबाच्या छावणीवर छापा घालून बादशाही तंबूचे सोन्याचे कळस कापून आणणाऱ्यांत विठोजी होते, असे बखरकार सांगतात. छत्रपती राजाराम महाराजांनी दिलेला हिम्मतबहादूर हा किताब या घराण्याने पुढे नावाबरोबर मिरवला. विठोजींचा मुलगा उदाजी चव्हाण यानेही अठराव्या शतकाच्या आरंभी कृष्णा-वारणेच्या टापूत आपला दबदबा निर्माण केला. हे कोल्हापूर-सांगलीकडचे चव्हाण. मराठवाड्यातील मराठा चव्हाण घराण्यांचा त्यांच्याशी भाऊबंदकीचा संबंध असेलच, असे नाही.

बंजारा समाजातील चव्हाणांची गोष्ट वेगळ्या अंगाने समजून घ्यावी लागते. गोर बंजाऱ्यांमध्ये राठोड, पवार, चव्हाण आणि वडतिया ही मुख्य गोते मानली जातात. महाराष्ट्रात वडतियांनी बहुधा जाधव हे आडनाव घेतले. प्रत्येक गोताचे पुढे पाडे असतात. चव्हाणांचे सहा पाडे सांगतात: मूड, कोर्रा, पालथिया, लावडिया, सबावट आणि केळूत. एका गोतात लग्न होत नाही, त्यामुळे तांड्यात गोत-पाडा माहीत असणे ही रोजच्या व्यवहाराची गरज आहे. बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरणारा हा समाज रेल्वे आणि पक्क्या सडका आल्यावर आपला धंदा गमावून बसला आणि पैनगंगेच्या दोन्ही काठांवर स्थिरावला. शाळा, जमिनीचा उतारा आणि मतदारयादी यांच्याशी संबंध आल्यावर गोताचे नाव आडनावाच्या रकान्यात उतरले. तेलंगणातील बऱ्याच भागात याच रकान्यात पाड्याचे नाव गेले. तिकडे बानोत, भुक्या, अजमेरा अशी आडनावे दिसतात ती त्यामुळे. एकाच समाजातील दोन माणसे सीमेच्या दोन बाजूंना दोन प्रकारच्या आडनावांनी ओळखली जातात. नातेवाईक असून आडनाव वेगळे, आणि आडनाव एक असून नाते नाही, अशी दोन्ही रूपे या एकाच भागात पाहायला मिळतात.

पुसद तालुक्यातील गहुलीचे वसंतराव नाईक हे याच समाजातले. तांड्याच्या प्रमुखपणाची खूण त्यांच्या घराण्याचे आडनाव झाली. १९६३ ते १९७५ असे सलग अकरा वर्षांहून अधिक काळ ते महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. आडनावावरून याद्या करणाऱ्याला त्यांचे गोत दिसणार नाही.

त्यांच्यानंतर २१ फेब्रुवारी १९७५ रोजी मुख्यमंत्री झाले ते शंकरराव चव्हाण. महाराष्ट्राने आजवर चार चव्हाण मुख्यमंत्री पाहिले आणि चौघांची कारकीर्द मिळून सुमारे १३ वर्षांची भरते. पहिले यशवंतराव बळवंतराव चव्हाण. १२ मार्च १९१३ रोजी आजच्या सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे येथे जन्मलेले, कराडला वाढलेले, १ मे १९६० रोजी नव्या राज्याची सूत्रे घेणारे आणि १९६२ च्या चीन युद्धात संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला बोलावले गेलेले. शेतकरी घरातील पोरका मुलगा देशाचा गृहमंत्री, अर्थमंत्री, परराष्ट्रमंत्री आणि उपपंतप्रधान होतो, या प्रवासात कुळाच्या जुन्या वैभवाचा काहीही वाटा नव्हता. आईचे कष्ट, टिळक हायस्कूल, स्वातंत्र्यलढ्यातील तुरुंगवास आणि वाचन यांनी हा माणूस घडला. ‘कृष्णाकाठ’ या त्यांच्या आत्मचरित्रात ते सविस्तर आले आहे.

शंकरराव भाऊराव चव्हाण यांचा जन्म १४ जुलै १९२० चा, पैठणचा. त्यांची कर्मभूमी नांदेड. वकिली, हैदराबाद मुक्तिसंग्राम, नांदेडची नगरपालिका आणि तिथून राज्याचे पाटबंधारे खाते असा त्यांचा क्रम. यशवंतरावांप्रमाणेच तेही देशाचे गृहमंत्री झाले, पण मराठवाड्याच्या मनात त्यांचे स्थान पाण्याशी निगडित आहे. जायकवाडी धरणाची पायाभरणी १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते झाली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधींनी त्याचे उद्घाटन केले तेव्हा शंकरराव मुख्यमंत्री होते. नांदेडजवळच्या विष्णुपुरी उपसा सिंचन प्रकल्पाला आणि शहराच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला त्यांचे नाव आहे. निजामी राजवटीने मागे ठेवलेल्या कोरडवाहू प्रदेशासाठी गोदावरीचे पाणी अडवण्याचा आग्रह त्यांनी एवढ्या चिकाटीने धरला, की त्यांच्या मोजमापाला दुसरी पट्टी लावणे अन्यायाचे होईल.

शंकररावांचे चिरंजीव अशोक चव्हाण डिसेंबर २००८ मध्ये मुख्यमंत्री झाले, आणि वडील व मुलगा दोघेही या पदावर पोहोचल्याचे महाराष्ट्रातील ते पहिले उदाहरण ठरले. नोव्हेंबर २०१० मध्ये त्यांच्या जागी आले पृथ्वीराज चव्हाण. चव्हाण गेले आणि चव्हाण आले, तरी हा बदल घराण्याबाहेरचा होता. पृथ्वीराज हे कराडच्या आनंदराव आणि प्रेमलाताई चव्हाण यांचे पुत्र. आई-वडील दोघेही खासदार होते. यशवंतरावही कराडचेच, तरीही ही दोन घराणी वेगळी. चार मुख्यमंत्र्यांत नात्याची जोडी एकच, शंकरराव आणि अशोकराव यांची. परप्रांतातील वाचक मात्र चौघांना एका घराण्यात बसवतो, आणि असा गैरसमज छापील मजकुरातही अधूनमधून डोकावतो.

नावाचा गोंधळ आडनावावरच थांबत नाही. यशवंतरावांच्याच पिढीत मुंबईच्या कामगार चळवळीत यशवंत चव्हाण नावाचे कम्युनिस्ट नेते होते. लाल निशाण पक्षाच्या उभारणीत एस. के. लिमये आणि दत्ता देशमुख यांच्याबरोबर त्यांचे नाव घेतले जाते. एकाच काळात, एकाच राज्यात, एक यशवंत चव्हाण सत्तेच्या शिखरावर आणि दुसरे सत्तेविरुद्धच्या मोर्चाच्या अग्रभागी होते. अलीकडे २०२४ मध्ये नांदेड लोकसभा मतदारसंघातून नायगावचे वसंतराव बळवंतराव चव्हाण काँग्रेसतर्फे निवडून आले, तेव्हा अशोक चव्हाण विरुद्ध बाजूला, भाजपमध्ये होते. ऑगस्टमध्ये वसंतरावांचे निधन झाले आणि नोव्हेंबरच्या पोटनिवडणुकीत त्यांचे पुत्र रवींद्र चव्हाण अवघ्या १,४५७ मतांनी विजयी झाले. डोंबिवलीचे रवींद्र चव्हाण पुढच्या वर्षी भाजपचे प्रदेशाध्यक्ष झाले. बातमीत पक्षाचे किंवा गावाचे नाव नसेल, तर वाचकाने कोणते रवींद्र चव्हाण समजायचे?

नांदेडच्या सार्वजनिक जीवनात गावावरून पडलेली नावे एवढी का रुजली, याचे उत्तर येथे मिळते. चिखलीकर, खतगावकर, जवळगावकर ही नावे पाटील या आणखी पसरलेल्या नावापुढे लावली जातात आणि माणूस नेमका सांगतात. नांदेडच्या पीपल्स कॉलेजचे प्राचार्य आणि विचारवंत नरहर कुरुंदकर (१९३२–१९८२) यांच्या आडनावातच कुरुंदा हे गाव आहे. चव्हाणांना ही सोय नाही. त्यांचे नाव गाव सांगत नाही.

कलेच्या क्षेत्रातील सर्वांत मोठ्या चव्हाण या जन्माने चव्हाण नव्हत्या. सुलोचना कदम यांनी लहान वयात हिंदी चित्रपटांसाठी पार्श्वगायन केले, लग्नानंतर त्या सुलोचना चव्हाण झाल्या आणि लावणीसम्राज्ञी म्हणून घराघरांत पोहोचल्या. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी १० डिसेंबरला त्यांचे निधन झाले. हिंदीतील कवयित्री सुभद्राकुमारी चौहान यांचेही आडनाव सासरचे. स्त्रियांच्या बाबतीत आडनाव कुळाचा पुरावा म्हणून वापरता येत नाही, ही साधी बाब याद्या करणारे विसरतात. रंगभूमीवर ‘मोरूची मावशी’ गाजवणारे विजय चव्हाण (निधन २०१८) हे आणखी एक लोकप्रिय नाव. क्रिकेटमध्ये चेतन चौहान यांनी रणजी स्पर्धेत महाराष्ट्राकडून सुरुवात केली. १९७९ मध्ये ओव्हलवर सुनील गावसकरांबरोबर त्यांनी केलेली २१३ धावांची सलामी आजही आठवली जाते.

आडनाव एक आणि कुळे अनेक, ही स्थिती जगात इतरत्रही आहे. इंग्लंडशेजारच्या वेल्समध्ये पूर्वी मुलगा वडिलांचे नाव लावत असे, पिढीगणिक ते बदलत असे. सरकारी आणि चर्चच्या नोंदींमुळे एका पिढीतील वडिलांचे नाव कायमचे आडनाव होऊन बसले. वडिलांची नावे मोजकीच असल्याने जोन्स, डेव्हिस, इव्हान्स, विल्यम्स अशा थोड्या आडनावांत सारा देश सामावला. १७०६ मध्ये वर्तुळाच्या गुणोत्तरासाठी पाय हे चिन्ह प्रथम वापरणारे गणितज्ञ विल्यम जोन्स वेल्सच्या अँग्लसी बेटावरचे. १७८४ मध्ये कलकत्त्याला एशियाटिक सोसायटी स्थापन करणारे सर विल्यम जोन्स हे त्यांचे पुत्र. हे खरे नाते. परंतु बाकी हजारो जोन्स त्यांचे कोणीच नव्हेत. वेल्समध्ये त्यांना शेताच्या किंवा धंद्याच्या नावाने वेगळे ओळखत. महाराष्ट्रातील फरक असा की येथे आडनावामागे जातीची भिंतही उभी असते. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड, काळाराम मंदिर सत्याग्रहाचे नेते दादासाहेब गायकवाड आणि लातूर जिल्ह्यातील धनेगावचे, ‘उचल्या’ या आत्मकथनासाठी १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळवणारे लक्ष्मण गायकवाड यांच्या आयुष्यांतील अंतर आडनावातून कळत नाही.

हे अंतर शासनाच्या कागदावर ठळक होते. बंजारा समाज महाराष्ट्रात विमुक्त जातींमध्ये, कर्नाटकात अनुसूचित जातींमध्ये आणि तेलंगण भागात १९७६ पासून अनुसूचित जमातींमध्ये मोडतो. १९५६ पर्यंत नांदेड आणि आदिलाबाद एकाच हैदराबाद राज्यात होते. पैनगंगेपलीकडचा वऱ्हाड त्याआधीच ब्रिटिश कारभाराखाली गेला होता. राज्ये बदलली, तसे तांड्यातील माणसाचे हक्क बदलले, गोत मात्र तेच राहिले. २ सप्टेंबर २०२५ रोजी राज्य शासनाने मराठवाड्यातील मराठा समाजासाठी निजामकालीन हैदराबाद गॅझेटच्या आधारे कुणबी दाखल्यांचा निर्णय काढला, आणि त्याच गॅझेटच्या नोंदींवरून बंजारा समाजाने अनुसूचित जमातीची मागणी जोराने मांडली. दोन्ही बाजूंच्या मोर्चांत चव्हाण होते.

अशा वेळी आडनाव पुरावा म्हणून चालत नाही. जातीच्या दाखल्यासाठी अनुसूचित जातींना १९५०, विमुक्त जातींना १९६१ आणि इतर मागासवर्गीयांना १९६७ पूर्वीची नोंद लागते. ती शाळेच्या प्रवेश-निर्गम उताऱ्यात, खासरा पत्रकात किंवा निजामकालीन उर्दू दप्तरात शोधावी लागते. जे कुटुंब त्या काळी शाळेपर्यंत पोहोचले नव्हते किंवा ज्याच्या नावावर जमीन नव्हती, त्याच्या हाती आडनावाखेरीज काही उरत नाही. नामवंत चव्हाणांच्या याद्यांत तांड्यांतील चव्हाण फारसे दिसत नाहीत, त्याचेही कारण हेच. ज्यांची नोंद झाली तेच यादीत आले. पैनगंगेकाठच्या तांड्यांतून आता शिक्षक, डॉक्टर, अभियंते आणि अधिकारी बाहेर पडत आहेत, आणि त्यांच्या नावामागे कापून आणलेल्या कळसाची कथा नसून आई-वडिलांनी ऊसतोडीला जाऊन भरलेली शाळेची फी आहे.