डब्याची खालची बाजू

आमच्या इस्लापूर भागातून जाणारी मुदखेड-आदिलाबाद लाइन पूर्वी मीटरगेज होती. दोन रुळांत एक मीटर अंतर. आता ब्रॉडगेज, १६७६ मिलिमीटर. जुने मालडबे गेले. नातवाला दाखवायला मी सागाच्या फळकुटांचा तसा एक डबा करायला घेतला, एकास वीस मापानं. म्हणजे चाकांमधलं अंतर पाच सेंटिमीटर. रिव्हिटांच्या जागी टाचण्यांची डोकी. तांबडा रंग दिला अन् वरून चुलीतली राख चोळली.

नवी वस्तू जुनी दाखवणं हे खोटं का? बैलबाजारात म्हाताऱ्या बैलाची शिंगं तासून रंगवतात, ते खोटं. तिथं घेणारा फसतो. माझ्या डब्याला गिऱ्हाईक नाही, अन् त्या डब्यांवर धूळ खरंच असायची.

अडलं ते खाली. ब्रेकचा दांडा लख्ख आठवतो, पण तिथून चाकापर्यंत सळया कशा जायच्या ते आठवेना. नातू म्हणाला, "आबा, बसवा की काहीबी. कोन बघतंय वाकून?"

कोणी बघत नाही, खरंय. पण बांधाच्या भांडणात म्हाताऱ्या माणसाला विचारतात, तेव्हा त्याच्या शब्दाला वजन कशानं येतं? दगड इथवर पाहिला, पुढचं ठाऊक नाही, असं तो म्हणतो म्हणून. अंदाजानं चार पावलं पुढं सरकला तर कोणाची तरी जमीन जाते. इथं जमीन जात नाही. पण लेकरानं खरा डबा पाहिलेलाच नाही. मी बसवीन तेच तो खरं धरणार.

सळयांची जागा रिकामी ठेवली. कोणी जुना रेल्वेवाला भेटला तर विचारीन. तोवर नातू त्यात ज्वारी भरून ओसरीभर ओढतोय.