मागणं

सौंदडच्या एका अंगाला नागझिऱ्याचं जंगल, दुसऱ्या अंगाला नवेगावचं. २०१३ साली दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प झाला, पण वाघ त्याआधीही इकडून तिकडे जात-येत होताच. अशा भागात चैत्रात मोह वेचायला जाणं म्हणजे काय, हे तिथल्या बायांना विचारावं. फूल गळतं पहाटे. उशीर झाला की गुरं-हरणं खाऊन टाकतात. वेचायचं तेही वाकून, आणि वाकलेला माणूस वाघाला जनावरासारखाच दिसतो.

गावातल्या एका सुनेने या धास्तीनेच मोहाला जाणं सोडलं होतं. घरातलं धान सरत आलेलं, नवरा मजुरीला परगावी. रोज संध्याकाळी ती मारुतीपुढे हात जोडी. वाघ दिसू देऊ नको, वाघ गावाकडे येऊ देऊ नको, वाघापासून लेकरं सांभाळ.

गावात तुकडोजी महाराजांनी घालून दिलेली सामुदायिक प्रार्थना चाले. ती सांगणाऱ्या आबाजींच्या कानावर एकदा तिची पुटपुट पडली.

"पोरी, देवाचं नाव एकडाव घेतलंस, वाघाचं तीनदा. हात कोणाले जोडतेस वो?"

"भेव वाटते, आबाजी."

"वाटंलच. ते देवाले सांग अन् मोकळी हो. मंग काय पायजे ते माग. लेकरू मायले मागते तसं. देईल का नाई, असं म्हणत नोको मागू."

त्या रात्री तिने मागितलं, "देवा, सोबत दे अन् पायात बळ दे."

सोबत मिळणार हे धरूनच सकाळी तिने शेजारणींची दारं ठोठावली. मला या गोष्टीत हीच जागा मोलाची वाटते. ज्याचा मागण्यावर विश्वास असतो, तो उठून दार ठोठावतो. तीन घरांत तीन बाया त्याच भीतीने बसून होत्या. तिघीही तयार झाल्या.

चौघी उजाडल्यावर निघाल्या, मोठ्याने बोलत. तिघी वाकून वेचत, एक काठी घेऊन ताठ उभी राही. पाल्यावर पडलेली मऊ, पिवळसर फुलं टोपलीत जमू लागली. एकदा झुडपांपलीकडे चितळ ओरडलं. सुनेचे हात थरथरले, पण सगळ्यांत आधी आवाज तिचाच निघाला, "बाया हो, एका जागी या!" टोपल्या तिथेच ठेवून, पाठ न फिरवता, चौघी हळूहळू मागे सरल्या आणि गावात परतल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेल्या.

"भेव गेलं का वो?" आबाजींनी विचारलं.

"नाई गेलं. पर आता देवाजवळ त्याचं गाऱ्हाणं नाई करत."

मायबहिणींनो, यंदा मोहाला जाल तेव्हा एकट्या जाऊ नका, उजाडल्याशिवाय जाऊ नका. निघताना देवाला हात जोडा, आणि जे हवं ते ठाम शब्दांत मागा.